एपिस्कोपल पॅरिशमध्ये नवीन आहात? सणाला नुसतं जाऊ नका, तयारीला जा

अमेरिकेत नव्याने आलेले आपले मराठी ख्रिस्ती लोक एक प्रश्न हमखास विचारतात, इथे कुठल्या चर्चला जायचं? तुमचं घरचं चर्च सीएनआयचं असेल, मग ते नगरचं असो, पुण्याचं, नाशिकचं की मुंबईचं, तर उत्तर तसं सोपं आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं, ते अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चेसच्या जगभरच्या कुटुंबात आहे, आणि इथलं एपिस्कोपल चर्चसुद्धा त्याच कम्युनियनमधलं. म्हणजे घर बदललं तरी घराणं तेच, प्रभुभोजनाची उपासना पाच मिनिटांत ओळखीची वाटायला लागते.

खरी अडचण नंतर येते. लोक वर्षभर जातात, मागच्या बाकावर बसतात, दारात पाळकसाहेबांशी हात मिळवतात, घरी येतात आणि म्हणतात लोक चांगले आहेत हो पण आपलं असं कोणी नाही तिथे. माझं स्पष्ट मत आहे की एपिस्कोपल पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, ओळखी बाकावर बसून होतच नाहीत, त्या शनिवारी सकाळी वेदीवर फुलं लावताना आणि सण संपल्यावर किचनमध्ये भांडी पुसताना होतात. म्हणून खाली वर्षातले सण घेतलेत आणि कुठल्या सणाला कुठलं काम धरायचं ते सांगितलंय. जोडीदार हिंदू असेल किंवा नुसता बघायला येत असेल तरी यातली बरीचशी कामं त्यालाही करता येतात, कोणी काही विचारत नाही.

आधी पहिला रविवार

बहुतेक ठिकाणी दोन उपासना असतात, सकाळी आठची छोटी, बऱ्याचदा गाण्यांशिवाय, आणि दहा-साडेदहाची मोठी, क्वायरसकट. आठच्या उपासनेत पुष्कळदा राइट वन म्हणजे जुनी इंग्रजी असते, दहाला राइट टू म्हणजे आजची इंग्रजी. दोन्ही १९७९ च्या बुक ऑफ कॉमन प्रेअर या प्रार्थनापुस्तकातलेच. मुलं असतील तर दहालाच जा. दारात अशर बुलेटिन देईल, त्यात सगळं क्रमाने छापलेलं असतं, कधी उभं राहायचं ते सुद्धा, आणि चुकून बसलेले राहिलात तरी काही बिघडत नाही, गुडघे दुखणारे अर्धे लोक बसलेलेच असतात.

प्रभुभोजनाला कुठल्याही चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला चालतो. रेलिंगपाशी गुडघे टेकायचे किंवा उभं राहायचं, उजव्या तळव्याखाली डावा तळवा धरायचा, भाकर तळहातावर ठेवतात. प्याल्यात खरा वाइन असतो, नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्णच धरतात. बाप्तिस्मा नसेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरून या, आशीर्वाद मिळतो. ग्लूटेन-फ्री भाकर हवी असेल तर हळूच सांगा, बहुतेक ठिकाणी असते.

आणि उपासना संपली की गाडीकडे पळू नका!! कॉफी अवर नावाचा जो प्रकार असतो ना पॅरिश हॉलमध्ये, तिथे किमान अर्धा तास उभं राहायचं. पॅरिशचे अर्धे निर्णय तिथे होतात.

पाळकांना काय म्हणायचं यावरून आपले लोक फार अवघडतात. कोणी फादर अमुक, कोणी मदर तमुक, कोणी नुसतं पहिलं नाव. सरळ विचारा, तुम्हाला काय म्हणू. बायका पाळक असतात हे आता नवीन नाही, एपिस्कोपल चर्चने १९७६ मध्येच त्याला मान्यता दिली आणि १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस या अख्ख्या अँग्लिकन कम्युनियनमधल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. आजीला भारतात व्हिडिओ कॉलवर हे आधीच सांगून ठेवा म्हणजे धक्का बसणार नाही.

बाकी माणसं ओळखून ठेवा. रेक्टर म्हणजे मुख्य पाळक. व्हेस्ट्री म्हणजे आपली पास्टरेट कमिटी. सीनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, आणि ज्युनियर वॉर्डन म्हणजे तो बिचारा ज्याला छत गळलं की रात्री फोन येतो.

कागदपत्रं आणि पैसे

भारतातून येताना बाप्तिस्म्याचा आणि कन्फर्मेशनचा दाखला आणा, आणि आपल्या पाळकांकडून बदलीचं पत्र. नंतर मागवायला गेलात तर काकांना तीन चकरा माराव्या लागतात. कन्फर्मेशन झालं नसेल किंवा दुसऱ्या पंथातून येत असाल तर रेक्टरना सांगून ठेवा, बिशपसाहेब भेटीला येतात तेव्हा ते होतं, आणि ते प्रत्येक पॅरिशला तीन वर्षांतून निदान एकदा येतातच.

जानेवारीच्या आसपास वार्षिक सभा असते, व्हेस्ट्रीची निवडणूक तिथेच. प्रौढ सभासद सोळाव्या वर्षापासून धरतात, आणि मागच्या वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेला माणूस कम्युनिकंट मानला जातो. मतदानाचे नेमके नियम डायोसीसप्रमाणे, म्हणजे बिशपच्या विभागाप्रमाणे, थोडे वेगळे असतात, ते ऑफिसमध्ये विचारून घ्या, पण सभेला जा, बजेट बघा, फार कळतं त्यातून.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्लेज कार्ड घरी येतं. आपल्याकडे वर्गणी जशी ठरलेली असते तसं इथे नाही, पुढच्या वर्षी साधारण किती देणार ते तुम्हीच लिहून द्यायचं, त्यावर व्हेस्ट्री बजेट बांधते. रक्कम छोटी असली तरी कार्ड भरा, कारण कमिटीला आकडा आधी कळणं महत्त्वाचं असतं. नोकरी गेली तर प्लेज कमी करता येतो, एक ईमेल पुरते.

कॅलेंडर कसं वाचायचं

मुख्य सण सात: ईस्टर, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट, ट्रिनिटी संडे, ऑल सेंट्स, नाताळ आणि ६ जानेवारीचा एपिफनी. चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या, सुरू होतं, २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. पण माणसांचं वर्ष म्हणाल तर ते सप्टेंबरात सुरू होतं, लेबर डेनंतर, शाळा उघडल्या की. त्या रविवारी क्वायर परत येते, संडे स्कूल सुरू होतं आणि हॉलमध्ये टेबलं लावून प्रत्येक गट आपापली नावनोंदणी करत बसलेला असतो. तुम्हाला शिरायचंय ते इथूनच. एकच काम घ्या. उत्साहाच्या भरात पाच ठिकाणी नाव दिलेला माणूस नाताळनंतर दिसत नाही, हा सगळीकडचा अनुभव.

मुलं असतील तर त्यांना अकोलाइटमध्ये घाला, म्हणजे पांढरा झगा घालून क्रूस किंवा मेणबत्ती धरून चालणारे. शिकवतात नीट. साधे काळे बूट घेऊन ठेवा, चालताना लाल-निळे दिवे पेटणारे बूट झग्याखालून फारच उठून दिसतात. मोठ्यांना मुलांबरोबर काम करायचं असेल तर आधी सेफ चर्च ट्रेनिंग आणि पार्श्वभूमी तपासणी असते, राग मानू नका, रेक्टरपासून सगळ्यांना ती करावीच लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: प्राणी आणि पूर्वज

४ ऑक्टोबर संत फ्रान्सिसचा, त्याच्या जवळच्या रविवारी प्राण्यांना आशीर्वाद. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये तर उंटसुद्धा वेदीपर्यंत चालत गेलेत. आपल्या पॅरिशमध्ये कुत्री-मांजरं. कुत्रा पट्ट्याला, मांजर पिंजऱ्यात, आणि घरी प्राणी नसेल तर मुलांचं कापडी अस्वल चालतं. पाण्याची भांडी आणि प्लास्टिकच्या पिशव्या सांभाळायला माणूस हवाच असतो.

१ नोव्हेंबर ऑल सेंट्स, तो पुढच्या रविवारी साजरा करायची मुभा आहे. या सुमारास बऱ्याच ठिकाणी वारलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचतात, आणि आईवडील, आजीआजोबा भारतात पुरलेत अशा माणसाला हा दिवस फार जवळचा वाटतो. नावं आधी ऑफिसला कळवायची असतात, बुलेटिनमध्ये तारीख येते. नुसतं नाव देऊ नका, शेजारी उच्चार फोडून लिहा, कुठल्या अक्षरावर जोर ते सुद्धा, आणि वाचणाऱ्याला गाठून एकदा म्हणून दाखवा. यशोदाबाईंचं नाव धड वाचलं गेलं की डोळ्यात पाणी येतं, आणि वाकडंतिकडं वाचलं गेलं की वर्षभर ते मनात राहतं.

तुमच्या चर्चला ज्या संताचं नाव आहे त्याचा सण वेगळा. तो रविवारवर ढकलता येतो, पण अ‍ॅडव्हेंट, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि ईस्टरच्या काळातल्या रविवारवर नाही. म्हणजे सेंट ल्यूक वाल्यांचं १८ ऑक्टोबरला बरं जमतं, सेंट अँड्र्यू वाल्यांची मात्र ३० नोव्हेंबरमुळे दर वर्षी ओढाताण.

पॉटलक, हे जरा सविस्तर

पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण. जवळजवळ प्रत्येक सणाला ते असतं आणि तुमच्याकडून काहीतरी भारतीय येणार हे सगळे गृहीत धरतात. आणा, पण डोकं लावून. सगळ्यात मोठा धोका तिखटाचा नाही, शेंगदाण्याचा. आपल्या खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आणि इथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल एक तरी असतंच. त्यामुळे कूट नाहीच घालायचं, आणि काजू वगैरे असेल तर कार्डावर मोठ्या अक्षरात. शाकाहारी, दूध आहे, गहू आहे, एवढं त्याच कार्डावर लिहा. मटार पुलाव, कमी तिखट कोथिंबीर वडी, नाताळात करंज्या, यात काही उरत नाही. चकलीला सुद्धा गिऱ्हाईक खूप. वाढायचा चमचा आपला आणायचा, भांड्याच्या तळाला नावाची पट्टी चिकटवायची, आणि गरम पदार्थ गरमच राहील असं स्लो कुकरमधून आणा, कारण प्रवचन कधी संपेल ते कोणाच्याच हातात नसतं.

कॉफी अवरचं यजमानपद घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, कॉफीचा मोठा अर्न उकळायला पाऊण-एक तास घेतो, म्हणजे तो उपासनेच्या आधी लावायचा. डीकॅफ वेगळा ठेवा, नाहीतर आज्जीबाई रागावतात.

अ‍ॅडव्हेंट ते एपिफनी

इथे आपल्या लोकांचा हिरमोड होतो. आपल्याकडे डिसेंबर लागला की ढोलकी-टाळ घेऊन घरोघरी नाताळची गाणी, इथे मॉलमध्ये नोव्हेंबरपासून गाणी आणि चर्चमध्ये मात्र जांभळा किंवा निळा रंग, चार मेणबत्त्यांचं चक्र आणि शांतता. नाताळची गाणी उपासनेत २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवतात. मला सुरुवातीला हे रुक्ष वाटायचं, आता आवडतं, वाट बघण्यात मजा आहे. कॅरल पार्टी हवीच असेल तर घरी ठेवा आणि पॅरिशवाल्यांना बोलवा, येतात आनंदाने.

चौथ्या रविवारच्या आसपास उपासनेनंतर सगळे मिळून चर्च सजवतात, हिरव्या फांद्या, पॉइन्सेटिया, शिडी धरायला माणसं लागतात. पॉइन्सेटिया आठवणीखातर देता येतात, नाव बुलेटिनमध्ये छापून येतं. २४ ला दुपारी चारच्या सुमाराला मुलांचं नाटक आणि तुफान गर्दी, अर्धा तास आधी पोचा. रात्री उशिराची उपासना खरी देखणी. आणि २६ तारखेला झाड काढू नका, नाताळ बारा दिवसांचा, ५ जानेवारीपर्यंत.

पॅनकेक, राख आणि पवित्र आठवडा

लेंट राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी पॅनकेकचं जेवण. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला, म्हणजे पॅनकेक ९ ला. नवीन माणसासाठी यापेक्षा सोपं काम नाही, धिरडं-घावन उलटलेल्या हाताला पॅनकेक म्हणजे काहीच नाही, तव्यापाशी उभे राहा आणि तासाभरात सगळ्या पॅरिशला तुमचं नाव पाठ.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या याच सुमारास परत मागवतात आणि जाळून बुधवारी कपाळावर लावायची राख करतात. ते काम तुमच्याकडे आलं तर उघड्यावर, धातूच्या डब्यात जाळा, पूर्ण गार होऊ द्या, बारीक चाळणीतून चाळा. राखेत पाणी अजिबात घालू नका, ते मिश्रण दाहक होतं आणि लोकांच्या कपाळाला भाजतं. कोरडीच ठेवा, फारतर ऑलिव्ह तेलाचा थेंब.

पवित्र आठवड्यात रोज काहीतरी असतं. गुरुवारी पाय धुण्याचा विधी, ऐच्छिक आहे, सहज काढता येतील अशा चपला घाला, पॅन्टीहोज नको. त्यानंतर वेदीवरचं सगळं उतरवतात, आणि काही ठिकाणी रात्रभर एकेक तासाची जागरणाची पाळी असते. पहाटे दोन-तीनच्या पाळ्या कोणी घेत नाही, जेट लॅगमध्ये असाल तर घेऊन टाका.

शनिवारी रात्रीची ईस्टर व्हिजिल चुकवू नका. अंधारात नवी आग पेटवतात, तिच्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरपी करून तिच्यावर लावायची, नाहीतर मेण शेजारणीच्या कोटावर. प्रार्थनापुस्तकात जुन्या करारातले नऊ धडे दिलेत, त्यातले किमान दोन वाचतात, पण तांबड्या समुद्राचा निर्गममधला धडा वाचावाच लागतो. मग दिवे लागतात आणि संपूर्ण लेंटमध्ये न उच्चारलेलं हालेलूया परत येतं. पुष्कळ पॅरिश सांगतात घरून घंटा आणा. तर कपाटातली पितळी घंटी काढा, खणखणीत वाजते, आणि इथल्या चिमुकल्या घंटांमध्ये तीच ऐकू येते.

अल्टर गिल्ड

या सगळ्यामागे असतात अल्टर गिल्डच्या बायका, आता पुरुषही असतात. मला विचाराल तर पॅरिश शिकायची सगळ्यात चांगली जागा हीच. शनिवारी तासभर. वेदीवरचं कापड अंथरायचं, प्याला, तबक, मेणबत्त्या मांडायच्या, आणि रविवारी धुवायचं. प्याला पुसायचा रुमाल तीन घड्यांचा, इस्त्री ओला असतानाच करायची, आणि त्यावरचा लिपस्टिकचा डाग म्हणजे कायमचं युद्ध. उरलेला आशीर्वादित वाइन नेहमीच्या सिंकमध्ये ओतत नाहीत, पिऊन टाकतात किंवा ज्याचा पाइप थेट जमिनीत जातो अशा खास सिंकमध्ये सोडतात. कापडावर मेण सांडलं तर वर-खाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. ईस्टरला लिलीची फुलं उमलली की आतले पिवळे पुंकेसर लगेच चिमटीत काढून टाका, नाहीतर पराग पांढऱ्या कापडावर पडला की निघत नाही. पडलाच तर ओल्या हाताने पुसू नका, चिकटपट्टीने उचला.

पेंटेकॉस्ट, म्हणजे तुमची पाळी

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, २०२७ मध्ये १६ मे. सगळे लाल घालतात, पैठणी काढायची असेल तर हाच तो दिवस. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय वाचतात आणि त्यातला काही भाग अनेक भाषांमध्ये. कोणीतरी तुम्हाला मराठीत वाचाल का विचारेलच, आणि नाही विचारलं तर दोन-तीन आठवडे आधी आपणहून सांगा. आधी ठरवून घ्या: सगळे एकदम वाचणार की एकामागून एक, कुठल्या वचनापासून कुठल्यापर्यंत, माइक आहे का. एकदम वाचायचं असेल तर गोंगाटात आपलीच ओळ सापडत नाही, म्हणून देवनागरीत मोठ्या टाइपात छापून न्या, फोनवर नको. सावकाश आणि खड्या आवाजात वाचा. पार्थी, मेदी, एलामी ही यादी घरी दोनदा म्हणून बघा, जीभ अडखळते.

आणि रमाबाई

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एपिस्कोपल चर्चच्या कॅलेंडरमध्ये ५ एप्रिलला पंडिता रमाबाईंचं स्मरण आहे, १९२२ साली त्या दिवशी त्या वारल्या. आणि त्यांचा इथला संबंधही थेट आहे, १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियात हजर होत्या, पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन निघाली, आणि बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे रेक्टर फिलिप्स ब्रूक्स तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होते.

पण अशी छोटी स्मरणं रविवारी, पवित्र आठवड्यात किंवा ईस्टरच्या आठवड्यात होत नाहीत, मोठ्या सणापुढे मागे पडतात. २०२६ मध्ये तर ५ एप्रिललाच ईस्टर. २०२७ मध्ये सोमवार येतो, ईस्टरचा आठवडा संपलेला असतो. तुमच्याकडे आठवड्यात मधल्या दिवशी छोटी प्रभुभोजनाची उपासना होत असेल तर फेब्रुवारीतच रेक्टरना विचारा की त्या आठवड्यात रमाबाईंचं स्मरण ठेवता येईल का. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल पानभर माहिती तुम्ही लिहून द्या, एक धडा तुम्ही वाचा, नंतर चहा-पोहे. पोह्यात शेंगदाणे नकोत.

ट्रिनिटी संडेनंतर सगळं थंडावतं. हिरवा रंग, क्वायरला सुट्टी, निम्मी पॅरिश गावाला. अल्टर गिल्ड शिकायला हाच काळ उत्तम, कारण गडबड नसते आणि शिकवणाऱ्या बाईंना वेळ असतो. धडे वाचणाऱ्यांची सप्टेंबरची यादी ऑगस्टच्या शेवटी बनते, तर त्याआधी ऑफिसला ईमेल टाका, कुठले रविवार जमतील ते लिहा, आणि दिवाळीचा वीकेंड सोडून बाकीचे द्या.